गच्चीवरचा पेरू, गॅलरीतली तुती

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या दाट वस्तीच्या भागांत घरच्या फळबागेचा विचार करताना अडचण हवेची नसून मातीची असते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस, दमट हवा आणि सौम्य हिवाळा कोकणातल्या बहुतेक फळझाडांना मानवतो. उणीव असते ती मुळांना पसरायला लागणाऱ्या जागेची. एके काळी तीही नव्हती. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी ही नावे गिरगावातल्या पत्त्यांत अजून टिकून आहेत, आणि माझगावच्या आंब्याची ख्याती तर एवढी होती, की १८०९ मध्ये मुंबईत आलेल्या मरिया ग्रॅहम या इंग्रज लेखिकेने, ज्या मूळ झाडावरून बाकीची कलमे झाली त्याच्याभोवती हंगामात शिपायांचा पहारा असे, अशी नोंद १८१२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या रोजनिशीत केली आहे.

कलम म्हणजे उत्तम फळ देणाऱ्या झाडाची फांदी दुसऱ्या रोपावर जोडून केलेले झाड. ते बियांच्या झाडाच्या मानाने कितीतरी लवकर फळते, आटोपशीर राहते आणि फळ मूळ झाडासारखेच देते, म्हणून अपुऱ्या जागेत आंबा किंवा चिकू लावायचा तर कलमच लावावे.

मातीची उणीव कशी भरून काढता येते, याचे उत्तम उदाहरण मुंबईच्या गोदीत सापडते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर २००२ च्या सुमारास प्रीती पाटील यांच्या पुढाकाराने बाग उभी राहिली आणि स्वयंपाकघरातल्या साली, देठे व पालापाचोळा यांच्या खतावर तेथे भाज्यांबरोबर पेरू, चिकू यांसारखी फळझाडेही वाढली. तिच्यामागची विचारसरणी कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांच्या ‘प्रयोग परिवारा’ची होती. शेण, गोमूत्र आणि गूळ पाण्यात कालवून तीन दिवस मुरवलेल्या ‘अमृतजला’त सुका पाला भिजवून, थोडी माती मिसळून, तो कुजवला की जी भुसभुशीत माती तयार होते, तिला ‘अमृतमाती’ म्हणतात. ओली माती लिटरला दीड किलोहून अधिक भरते, म्हणजे दोनशे लिटरच्या ड्रमचा अर्धा भाग नुसत्या मातीने भरला तर दीडशे किलोंचा भार पडतो, आणि जुन्या चाळीच्या गच्चीला तो पेलेलच असे नाही. पालापाचोळ्याची माती त्याहून पुष्कळ हलकी असते. तरीही ड्रम ठेवण्यापूर्वी बांधकामाच्या जाणकाराला गच्ची दाखवावी, ते विटांवर आणि तुळईच्या रेषेत ठेवावेत आणि पाणी साचू देऊ नये.

चार-पाच तास थेट ऊन मिळणाऱ्या गॅलरीसाठी तुतीसारखे दुसरे झाड नाही. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब काडी पावसाळ्याच्या तोंडाशी कुंडीत खोचली तरी फुटते. तुतीला फळ नव्या फुटव्यावर येते, त्यामुळे फांद्या हातभर राखून छाटल्या आणि उरलेली पाने काढून टाकली, की काही आठवड्यांतच प्रत्येक कोवळ्या डिरीवर पानांच्या बगलेत हिरवी, लवदार बोंडे दिसू लागतात. ती आधी लाल होतात, पण तेव्हा आंबटच असतात; काळसर जांभळी होऊन बोट लागताच हातात येईपर्यंत थांबणे इष्ट, मात्र त्याआधी बुलबुल येणार हे गृहीत धरून फांदीवर जाळी घालावी. सह्याद्रीच्या कातळावर वाढणारे करवंदही ड्रममध्ये तग धरते, पण त्याच्या काट्यांमुळे ते मुलांच्या वाटेत ठेवू नये. लिंबाच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी काळी-पांढरी अळी फुलपाखराची असते आणि ती हाताने वेचली तरी भागते. पेरूवरची फळमाशी सालीखाली अंडी घालते, म्हणून फळ लिंबाएवढे होताच त्याला कापडी पिशवी बांधावी.

स्ट्रॉबेरीचा मोह मात्र आवरावा. तिला महाबळेश्वरची थंडी लागते आणि तुती, करवंद, रायआवळा जे सहज देतात ते इथे तिच्याकडून मिळत नाही.

फणसाला किंवा जांभळाला मात्र ड्रम पुरत नाही, त्यांना खरी जमीनच हवी. पुनर्विकासात नेमकी तीच नाहीशी होते, कारण वाहनतळासाठी बांधलेले तळघर आणि पोडियम, म्हणजे इमारतीभोवतीचा उंच चौथरा, पुष्कळदा सगळा भूखंड व्यापतो, आणि वरच्या पातळ थरात मोठी मुळे धरत नाहीत. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, एवढे संरक्षण १९७५ च्या कायद्याने दिलेले आहे. नव्या झाडासाठी जागा राखून घेणे रहिवाशांच्याच हाती आहे. तेव्हा खाली बांधकाम नसलेला जमिनीचा एक तुकडा फळझाडांसाठी सोडावा, ही मागणी भाडेकरूंनी आणि सोसायट्यांनी नकाशे मंजुरीला जाण्यापूर्वीच लेखी नोंदवावी.