खेळण्यातून चुंबकत्व : ग्रामीण शाळांतील कृतियुक्त विज्ञान अध्यापन

प्रस्तावना :
चुंबक हा बालकाच्या स्वाभाविक कुतूहलाचा विषय आहे. तथापि 'सजातीय ध्रुवांत प्रतिकर्षण व विजातीय ध्रुवांत आकर्षण असते' या वाक्याच्या पाठांतरापाशीच त्याचे अध्यापन बहुधा संपते. मुखेडसारख्या ग्रामीण तालुक्यात यासाठी प्रयोगशाळेच्या अभावाचे कारण सहज पुढे केले जाते. अल्पमोली साहित्यातून हा अभाव कसा भरून काढता येतो आणि त्यात शिक्षकाचे स्थान कोणते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पार्श्वभूमी :
मध्य प्रदेशात १९७२ ते २००२ या काळात चाललेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने 'करून शिकणे' हे तत्त्व खेड्यांतील शाळांत रुजविले. त्या कार्यक्रमाशी १९७८ मध्ये जोडले गेलेले अभियंते अरविंद गुप्ता यांनी पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत २००३ ते २०१४ पर्यंत टाकाऊ वस्तूंपासून वैज्ञानिक खेळणी घडविली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री सन्मान लाभला. पुढील कृतींपैकी दुसरी व तिसरी याच परंपरेतील आहे.

निवडक कृती :
१) वाळूतील लोहकण : मराठवाड्याचा बहुतांश भूभाग बेसाल्ट खडकाचा असून त्यात मॅग्नेटाइट गटातील चुंबकीय खनिजे अल्प प्रमाणात असतात. कागदात गुंडाळलेला चुंबक ओढ्यातील कोरड्या काळसर वाळूतून फिरविल्यास बारीक काळे कण त्यास चिकटतात. खडक झिजतो, हलकी माती पाण्याबरोबर वाहून जाते आणि जड कण मागे राहतात. अशा रीतीने भूगोल व भौतिकशास्त्र एकाच मुठीत येतात.

२) तरंगती पेन्सिल : जुन्या रबरी चपलेच्या तळव्यात चकती-चुंबकांच्या दोन जोड्या व पेन्सिलीवर दोन चकत्या बसविल्यास प्रतिकर्षणामुळे पेन्सिल अधांतरी राहते. मात्र तिचे टोक जुन्या सीडीच्या तुकड्याला टेकलेलेच असावे लागते. हा आधार काढताच पेन्सिल निसटते. केवळ स्थायी चुंबकांच्या बळावर वस्तू स्थिर संतुलनात तरंगू शकत नाही, हा अर्नशॉ यांचा १८४२ मधील सिद्धांत येथे बालकाच्या हाती अनुभवास येतो.

३) साधे विद्युत चलित्र : टॉर्चचा सेल, त्यावर एक चकती-चुंबक, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने दोन्ही टोकांस बसविलेल्या दोन सेफ्टी पिना आणि लेप असलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे एवढेच साहित्य लागते. वेटोळ्याच्या एका टोकाचा लेप पूर्ण, तर दुसऱ्याचा अर्ध्या घेरापुरताच खरवडावा. दोन्ही टोके पूर्ण खरवडल्यास प्रत्येक अर्ध्या फेऱ्यानंतर वेटोळ्यास फिरविणाऱ्या आघूर्णाची दिशा उलटते व वेटोळे केवळ झुलत राहते. अर्धा लेप ठेवल्याने विरोधी अर्ध्या फेऱ्यात प्रवाह खंडित होतो आणि वेटोळे जडत्वाने पुढे सरकून फिरत राहते.

अध्यापनशास्त्रीय विवेचन :
वरील कृतींचे खरे मूल्य त्यांच्या यशात नसून अपयशात आहे. पेन्सिल निसटते किंवा वेटोळे थांबते, त्याच क्षणी बालकाच्या मनात 'असे का?' हा प्रश्न उभा राहतो. शिक्षकाने तयार खेळणे दाखविले तर ती केवळ करमणूक ठरते; चूक आधीच सुधारून दिली तर तो प्रश्नच हिरावला जातो. म्हणून शिक्षकाने उत्तर देण्याची घाई टाळून 'काय बदलून पाहावे?' एवढेच विचारणे इष्ट होय.

दक्षता :
लहान मुलांच्या हाती काळे फेराइट चुंबकच द्यावेत. छोटे निओडिमियम चुंबक एकाहून अधिक गिळले गेल्यास आतड्याच्या दोन पदरांतून परस्परांस चिकटतात व आतड्यास छिद्र पाडू शकतात. तसेच वेटोळे न फिरता अडकून राहिल्यास सेल व तार तापते. त्यामुळे ते त्वरित बाजूला काढावे.

निष्कर्ष :
ग्रामीण शाळांत साहित्याच्या उणिवेपेक्षा प्रश्नांना मिळणाऱ्या अवकाशाची उणीव अधिक गंभीर आहे. महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र व शिक्षणशास्त्र विभागांनी परिसरातील शाळांसाठी अशा कृतींच्या कार्यशाळा घेतल्यास ही उणीव भरून निघू शकेल आणि पदवीच्या विद्यार्थ्यांनाही आपले पाठ्यपुस्तकी ज्ञान हाताने पडताळून पाहता येईल.