नाव झाकलं, पण खूण?



सणाच्या खरेदीला गुलमंडीत आलात, की दुकानदार आधी विचारतो, "कोणत्या गावच्या, ताई?" गाव सांगितलं की म्हणतो, "मग शाळेमागच्या वस्तीतल्या का?" नाव न विचारता दोन प्रश्नांत माणूस ओळखू येतो. बातमीतही असंच होतं. म्हणून आज बोलू या, बातमीत कुणाचं नाव झाकायचं आणि कसं झाकायचं.

गोष्ट आपल्याच महाराष्ट्रातली. मार्च 1972. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार एका आदिवासी मुलीनं केली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं पोलिसांना शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये ती रद्द केली. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला.

त्या बदलात एक कलम असं आलं, की अत्याचार झालेल्या बाईचं नाव किंवा तिची ओळख पटेल असं काहीही छापणं हा गुन्हा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आज हे भारतीय न्याय संहितेचं कलम 72 आहे. पण जिच्यामुळे कायदा बदलला, तिचं नाव तोवर देशभर झालं होतं. तो खटला अजून तिच्याच नावानं ओळखतात. मी मात्र ते नाव आज घेणार नाही.

आता कायद्यातला शब्द नीट बघा: "ओळख". समजा बातमी आली, 'गुलमंडीजवळ भांड्यांच्या दुकानात कामाला असलेली, दोन मुलींची आई, नवरा रिक्षा चालवतो.' नाव कुठेच नाही, पण संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं! 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, की आडून-आडूनही ओळख पटेल असा तपशील नको, आणि हे मोबाईलवरच्या समाजमाध्यमांनाही लागू आहे. म्हणजे गावच्या ग्रुपवर "हीच ती" म्हणून फोटो पुढे पाठवला, तर आपणही अडकतो. नाव द्यायचं की नाही, हे सज्ञान बाईनं स्वतः ठरवायचं आणि तशी परवानगी लेखी द्यायची.

दुसरी झाकायची ओळख बातमी सांगणारीची. रेशनच्या धान्यात काटा मारला जातोय, पोषण आहार मुलांपर्यंत पोचत नाही, हे तिला दिसतं. पण नाव आलं तर गावात राहणं अवघड. इथे दोन गोष्टींत फरक आहे. निनावी चिठ्ठी कुणी लिहिली हे कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे तिच्यावर विश्वास ठेवणं कठीण. गुप्त सूत्राचं तसं नाही. पत्रकाराला ती बाई माहीत असते, तो तिचं म्हणणं तपासतो, फक्त नाव छापत नाही. 1978 च्या प्रेस कौन्सिल कायद्याप्रमाणे कौन्सिल पत्रकाराला सूत्राचं नाव सांगायला भाग पाडू शकत नाही. न्यायालयापुढे मात्र असं पक्कं संरक्षण नाही. म्हणून सावध राहायचं.

सावध म्हणजे कसं? बोलण्याच्या आधी ठरवून घ्या. सांगून झाल्यावर "नाव नका देऊ" म्हणण्यात अर्थ नाही. विचारा: माझं नाव, गाव, काम यातलं काय छापणार? आमच्या बोलण्याबद्दल आणखी कुणाला सांगणार? आणि स्वतःला विचारा: ही गोष्ट गावात किती जणींना माहीत आहे? फक्त तिघींनाच असेल, तर नाव नसलं तरी बोट तुमच्याकडेच येईल. अशा वेळी आणखी बायकांना सोबत घ्या, किंवा माहितीच्या अधिकारात कागद मागवा. त्यासाठी अर्जावर नाव लागतंच, म्हणून अर्ज दुसऱ्या गावच्या मैत्रिणीला करू द्या. मग बातमी कागदावर उभी राहील, तुमच्या एकटीच्या नावावर नाही.

पुढच्या बैठकीत एक करा. एखादी बातमी मोठ्यानं वाचा. नाव झाकलं असेल, तर गटाला विचारा, "ही कोण, ओळखता येतं का?" ओळखता आलं, तर ते झाकणं अपुरं.

पुन्हा भेटू. नमस्कार.