अण्णांची बंदूक, माझा स्कोप

एअर रायफलवर दुर्बीण लावायचीय? मग मोठी आणि झकास दिसणारी नको, छोटी आणि हलकी बघा. हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही!

गेल्या दिवाळीत लातूरला घरी गेले, तर अण्णांनी बंदूक विकायला काढलेली! बंदूक म्हणजे साधी छर्ऱ्याची एअर रायफल. नळी मोडायची, छर्रा घालायचा आणि ठप्प! वजन जेमतेम अडीच किलो. आम्ही मूळचे नांदेडचे. अण्णांच्या बदलीमुळे लातूरला आलो तेव्हा सगळं सामान ट्रकमध्ये गेलं, पण ही बंदूक मात्र अण्णांच्या मांडीवर बसून आली होती. आणि आता तीच विकायची?

‘‘नुसती धूळ खायलीय,’’ अण्णा म्हणाले. ‘‘दिसंना गेलंय बघ. पुढचं दिसतंय तर मागचं नाही, मागचं दिसतंय तर कागद नाही.’’

अण्णा 68 वर्षांचे. रिटायर झाल्यापासून रविवारची सकाळ म्हणजे मागचं अंगण, दहा मीटरवर भिंतीशी ठेवलेली वाळूची पेटी आणि तिच्यावर चिकटवलेला कागद. वर्षभरात त्यांनी आधी रात्रीची स्कूटर सोडली, मग पेपरातलं शब्दकोडं. आता बंदूक. ही यादी मला काही आवडली नाही.

नेम म्हणजे काय, हे मला अण्णांनीच शिकवलं. तेही माळेगावच्या यात्रेत! नांदेडहून लातूरला निघालात की लोह्याच्या पुढे हे खंडोबाचं माळेगाव लागतं. घोडे, गाढवं, उंट, लावणी आणि फुगे फोडायचे स्टॉल. मी आठ-नऊ वर्षांची असेन. पाचही छर्रे वाया गेले आणि मी रडकुंडीला आले. अण्णा म्हणाले, ‘‘तू चुकत नाहीस, बंदूकच डावीकडं मारायलीय. फुग्याच्या उजवीकडं धर.’’ सहावा छर्रा, फट्! फंडा एकदम क्लिअर: दोष हातात आहे, नजरेत आहे की बंदुकीत, ते आधी ओळखायचं.

अण्णांचा हात अजून स्थिर होता. दोष नजरेत होता, आणि त्याला उपाय आहे.

तीन ठिकाणी एकच डोळा

साध्या बंदुकीवर नेम धरताना तीन गोष्टी जुळवाव्या लागतात. डोळ्याजवळची मागची खाच, नळीच्या टोकावरचा छोटा उंचवटा आणि दहा मीटरवरचा कागद. डोळा एका वेळी यातल्या एकाच गोष्टीवर फोकस करू शकतो. तरुणपणी ही ये-जा इतकी झटपट होते की कळतही नाही. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि सगळं बिनसतं. स्कोपमध्ये निशाणा आणि फुलीच्या रेघा एकाच अंतरावर असल्यासारख्या दिसतात. डोळ्याला एकच काम! शिवाय डोळ्याकडची काच फिरवून त्या रेघा आपल्या नजरेनुसार स्पष्ट करून घेता येतात.

म्हटलं, अण्णांना स्कोप घेऊन द्यायचा. पुण्याला परतले आणि ऑफिसातल्या एका मित्राला विचारलं. तो म्हणाला, ‘‘जेवढा मोठा, तेवढा भारी!’’ मीही लगेच 3-9×50 असा दणदणीत स्कोप मागवला. दिसायला एकदम सिनेमातला. रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये बॉक्स उशाशी घेऊन लातूर गाठलं.

आणि आपटले. अण्णांनी तो आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. माउंटसकट पाऊण किलो! अडीच किलोच्या बंदुकीवर पाऊण किलो म्हणजे लहान पोराच्या डोक्यावर हंडा. उभं राहून नेम धरला की बंदूक एका बाजूला कलायची आणि दोन मिनिटांत अण्णांचे दंड भरून यायचे. त्यात दहा मीटरवरचा कागद धुरकट दिसायचा. दीडेकशे छर्ऱ्यांनंतर तर आतली फुलीच तिरकी झाली. चूक कोणाची? माझीच. तो स्कोप या बंदुकीसाठी नव्हताच.

मग बघायचं काय?

झूम कमी ठेवा. स्कोपवरच्या 4×32 मधला 4 म्हणजे चार पट मोठं दिसणार, आणि 32 म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. 32 ला 4 ने भागा. 8 मिलिमीटर, हा डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाचा झोत. डोळ्याची बाहुली दिवसा यापेक्षा बरीच लहान असते, म्हणजे अंगणातल्या उजेडात 50 च्या काचेची गरजच नाही. आणि झूम वाढवला की निशाण्यासोबत हाताची थरथरही मोठी दिसते. माणूस उगाच घाबरतो.

फोकस जवळचा हवा. बरेच स्कोप 100 यार्डांसाठी जुळवलेले असतात. दहा मीटरवर ते धुरकट दिसतात आणि डोळा जरा हलला की फुलीही निशाण्यावरून सरकते. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. टेस्ट सोपी आहे. बंदूक वाळूच्या पिशवीवर ठेवा, हात लावू नका, फक्त डोकं डावी-उजवीकडे हलवा. फुली सरकली? मग 10 यार्डांपर्यंत फोकस जुळवता येणारा स्कोप घ्या.

‘स्प्रिंग एअर रायफलसाठी’ असं लिहिलेलं असायलाच हवं. ही छोटी बंदूक गरीब दिसते, पण स्कोपची खरी वैरीण! चाप ओढला की आतला दट्ट्या सुसाट पुढे जातो आणि बंदूक मागे धक्का देते. दट्ट्या टोकाला पोचून थांबला की उलटा धक्का, पुढच्या दिशेनं. मोठ्या रायफलचे सगळेच स्कोप हा दुसरा धक्का सोसायला बनवलेले नसतात. आमची फुली तिथंच तिरकी झाली.

माउंटकडे काणाडोळा नको. बहुतेक एअर रायफलींवर 11 मिलिमीटरची खाचेची पट्टी असते. रुंद पट्टीचे माउंट तिच्यावर बसत नाहीत. धक्क्यानं स्कोप मागे सरकू नये म्हणून अडवणारी पिन किंवा स्टॉपर असलेलाच माउंट घ्या.

आणि वजन. छोटा 4×32 साधारण तीन-साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास मिळतो. छोट्या बंदुकीला तेवढा पुरे.

एक मात्र लक्षात घ्या, हे सगळं घरच्या हौसेसाठी. ज्या 10 मीटर एअर रायफलमध्ये अभिनव बिंद्रानं 2008 मध्ये बीजिंगला गोल्ड मारलं, तिथं दुर्बीण चालत नाही. बारीक भोकाच्या साइटमधून बघायचं आणि अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका गाठायचा! कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिसला ब्राँझ मिळवलं तो 50 मीटरचा प्रकार, पण भिंगाची दुर्बीण तिथंही नाही. मुलांना स्पर्धेत उतरवायचं असेल तर स्कोपची सवय लावू नका.

एक्केचाळीस टिक

संक्रांतीला छोटा स्कोप घेऊन गेले. पहिले पाच छर्रे एकमेकांच्या जवळ बसले, पण निशाण्याच्या तीन सेंटिमीटर खाली. अण्णांचा चेहरा पडला. म्हटलं, ‘‘अण्णा, तुम्ही चुकत नाही आहात. माळेगाव आठवा.’’ स्कोपवरची घुंडी फिरवली की टिकटिक होते. आमच्या घुंडीची एक टिक म्हणजे पाव मिनिटाचा कोन, दहा मीटरवर साधारण 0.7 मिलिमीटर. हिशेब अण्णांनीच पाटीवर केला. ‘‘एक्केचाळीस टिक? चुकीचं असंल गं.’’ फिरवल्या. पुढचा छर्रा मधोमध!

अण्णा काही बोलले नाहीत. नळी मोडली, दुसरा छर्रा घातला.

हौस करा, पण...

* शस्त्र नियम 2016 नुसार .177 कॅलिबरच्या, 20 ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. तरी बिल जपून ठेवा.
* पक्ष्यांवर नेम धरायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, आमच्या घरातला नियम त्याहून कडक.
* मागे भक्कम भिंत आणि वाळूची पेटी हवीच. गच्चीवरून कधीही नको. डोळ्यांवर सेफ्टी गॉगल घाला.

बंदूक बघायला गिऱ्हाईक येणार होतं, त्याला अण्णांनी परस्पर नाही सांगून टाकलं. परवा मला फोन आला, ‘‘निशाण्याचे कागद संपलेत. शंभरेक प्रिंट काढून आण.’’

मी हो म्हटलं. तर लगेच, ‘‘अन् ऑफिसच्या प्रिंटरवर काढू नकोस बरं का. कागद विकत घे!’’