उतार कशाने टिकतो?

नागपुरात दरडींचा विषय काढला, की 'आपल्याकडे डोंगर आहेतच कुठे?' हा प्रश्न आम्हाला हमखास ऐकायला मिळतो. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या वर माणसे दगावली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातली इरशाळवाडी गाडली गेली. तसे उंच डोंगर आणि तसा पाऊस नागपूरला नाही, हे खरेच. पण जुलै २००० मध्ये मुंबईत घाटकोपरच्या एका टेकडीच्या उतारावरची वस्ती दरडीखाली सापडून साठांहून अधिक माणसे मेली. ती टेकडी काही सह्याद्रीचा कडा नव्हती. उतार टिकण्याचे नियम मोठ्या डोंगराला आणि लहान टेकडीला सारखेच लागू पडतात. नागपुरात सीताबर्डीची टेकडी आहे, सेमिनरी हिल्स आहे, आणि शहर त्यांना अगदी खेटून वाढले आहे.

ओढ आणि पकड

उतारावरच्या दगडमातीचे वजन सरळ खाली काम करते. त्याचे दोन भाग कल्पू या. एक भाग दगडमातीला उतारावरून खाली ओढतो, दुसरा तिला उतारावर दाबून धरतो. पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची, म्हणजे १:५ चा चढ. हा कोन सुमारे ११ अंशांचा होतो आणि तिथे वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी ओढ असते. ३० अंशांवर ती वजनाच्या निम्मी होते. या ओढीला तिघे थोपवतात : दाबामुळे कणांत निर्माण होणारे घर्षण, मातीचा चिकटपणा आणि मुळांची जाळी. महाराष्ट्रातल्या शहरांच्या विकास नियंत्रण नियमांत डोंगरउतारांसाठी १:५ ही मर्यादा आहे. त्याहून तीव्र उतारावर सर्वसाधारणपणे बांधकाम करता येत नाही.

मग पावसाळ्यातच दरडी का कोसळतात? पाणी वंगणासारखे काम करते, असे पुष्कळदा सांगितले जाते. मुख्य कारण वेगळे आहे. विहिरीच्या पाण्यात बुडालेला दगड उचलताना हलका लागतो, कारण पाणी त्याचा काही भार पेलते. मातीतली छिद्रे पाण्याने भरली, की तिथेही असेच घडते. कण एकमेकांवर कमी दाबले जातात आणि घर्षण घटते. मातीचे वजन मात्र वाढलेलेच असते. ओढ वाढली आणि पकड सैल झाली, की उतार सुटतो.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. परातीत कोरड्या वाळूचा ढीग करा. त्याच्या बाजू साधारण ३० ते ३५ अंशांवर स्थिरावतील. वाळू किंचित ओली केली, तर उभी भिंतही टिकते. तीच वाळू पाण्याने पूर्ण भिजवली, की भिंत बसते आणि वाहू लागते.

नागपूरच्या टेकड्यांच्या पोटात

नागपूर दख्खनच्या बेसॉल्ट खडकाच्या पूर्व काठावर वसले आहे. हा खडक लाव्हाच्या एकावर एक थरांनी बनला. दोन थरांच्या मध्ये बराच काळ गेला, तिथे कधी तळी साचली आणि त्यांचा गाळ खाली बसला. टाकळीच्या परिसरात अशाच गाळात स्टीफन हिस्लॉप यांना १८५० च्या दशकात गोड्या पाण्यातल्या शंखांचे आणि वनस्पतींचे जीवाश्म सापडले.

या रचनेला उतारांच्या दृष्टीने फार महत्त्व आहे. बेसॉल्टच्या भेगांतून पाणी खाली मुरते, पण चिकणमातीच्या थरावर अडते आणि आडवे सरकत टेकडीच्या कुशीतून बाहेर पडते. नेमक्या तिथे पायथा कापला, तर वरच्या दगडांचा आधार जातो. झिजलेल्या बेसॉल्टमध्ये कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोटे मुरमात बसलेले असतात. मुरूम वाहून गेला, की तेही निखळतात. वरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसाला थेट आत वाट देते.

सेमिनरी हिल्सजवळच्या एका वस्तीचे नावच गिट्टीखदान आहे. टेकडीकडे आपण दगडाचे कोठार म्हणून पाहत आलो, हे त्या नावातच नोंदलेले आहे.

टेकडी राखण्याचा दुसरा फायदा पायथ्याच्या शहराला होतो. गवत, झुडपे आणि पालापाचोळा पाण्याला थांबवत थांबवत खाली सोडतात. फरशी आणि काँक्रीट ते एकदम लोटून देतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्या पुराला अनेक कारणे होती. पण मुरायला जागा जितकी कमी, तितका लोंढा मोठा आणि लवकर येतो, हे साधे गणित आहे.

शाळेला काय करता येईल?

हाँगकाँगमध्ये १९७२ च्या दरडींत शंभराहून अधिक माणसे मेल्यावर पुढे उतारांसाठी स्वतंत्र खाते निघाले. आज तिथल्या सुमारे ६०,००० मानवनिर्मित उतारांना क्रमांक आहेत आणि त्यांची तपासणी होते. शाळेलाही आपल्या भागातल्या उतारांची एक वही ठेवता येईल. कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून त्याला खडा लटकवा आणि कोनमापकाची सरळ कड उताराला समांतर धरा. दोरा ९० च्या खुणेपासून जितका सरकेल, तितका उताराचा कोन.

पावसाळ्याआधी आणि नंतर पुढील गोष्टी नोंदवा :

- उताराच्या माथ्यावर, उताराला आडव्या गेलेल्या नव्या भेगा;
- कललेली झाडे वा विजेचे खांब;
- नव्याने सुरू झालेला किंवा अचानक गढूळ झालेला झरा;
- फुगलेली संरक्षक भिंत, किंवा जिची पाणी निथळण्याची भोके बुजली आहेत अशी भिंत;
- पायथ्याशी ताजे खोदकाम, माथ्यावर ताजा भराव.

नोंदी लांबूनच घ्याव्यात. पावसात मुलांना कापलेल्या कड्याखाली नेऊ नये. यांपैकी काही आढळले, तर महापालिकेच्या झोन कार्यालयाला लेखी कळवा आणि पायथ्याला राहणाऱ्यांनाही सांगा. पायथ्याला घर बांधणाऱ्याला बहुधा दुसरी जागा परवडलेली नसते. त्याच्यापर्यंत ही माहिती पावसाच्या आधी पोचायला हवी.