आयते दाणे आणि उकरलेले दाणे

हिवाळ्यात वाराणसीच्या पेशवेकालीन राजा घाटाच्या परिसरात, गंगेच्या पात्रावर स्थलांतरित कुरव पक्ष्यांचे थवे दिसतात. नावेतून फेकलेली शेव टिपण्यासाठी ते नावांभोवती घिरट्या घालतात. आयते अन्न मिळाल्यास प्राणी कष्ट करत नाहीत, असा निष्कर्ष यावरून कोणीही काढेल. परसातील कोंबडी मात्र भांड्यात खाद्य शिल्लक असतानाही उकिरडा उकरत राहते.

या वर्तनाचा प्रायोगिक अभ्यास ग्लेन जेन्सन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. शेजारी खाद्याने भरलेले भांडे असूनही प्रयोगातील उंदीर कळ दाबून खाद्य मिळवत होते. पुढे कबुतरे व कोंबड्यांमध्येही अशीच प्रवृत्ती आढळली. शोध घेताना अन्न कोठे आहे याची माहिती प्राण्याला मिळते आणि आजचा साठा संपल्यावर ती उपयोगी पडते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. मात्र भूक तीव्र असल्यास किंवा कष्ट फार पडत असल्यास प्राणी आयत्या अन्नाकडेच वळतो. जातीनुसारही फरक पडतो. स्वीडनमधील २००१ च्या अभ्यासात व्हाइट लेगहॉर्नपेक्षा रानकोंबड्यांनी भुशात मिसळलेले खाद्य अधिक शोधून खाल्ले.

कुक्कुटपालकासाठी याचा अर्थ व्यावहारिक आहे. उकरण्यास काही नसल्यास कोंबडीची चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. पिसे टोचण्याची ही सवय कळपात पसरते आणि जखमा होऊन मरतूक संभवते. त्यामुळे पुढील काळजी घ्यावी :

• संतुलित खाद्य भांड्यात नेहमीप्रमाणे ठेवावे. पक्ष्यांना उपाशी ठेवू नये.
• मोठ्या पक्ष्यांसाठी मूठभर ज्वारी किंवा बाजरी तुसाच्या गादीवर विखरावी. प्रमाण अल्पच असावे. अन्यथा आहारातील प्रथिने व कॅल्शियम घटते.
• गादी कोरडी व भुसभुशीत ठेवावी. हिरव्या चाऱ्याची जुडी चोच पोहोचेल इतक्या उंचीवर टांगावी.
• शेणखतातील माशीच्या अळ्या व कोष कोंबड्या वेचून खातात आणि माश्यांचा उपद्रव कमी होतो. मात्र मेलेल्या जनावरावरील अळ्यांतून बोटुलिझमची विषबाधा होऊ शकते. मृत पक्षी त्याच दिवशी खोल पुरावेत.

कळपात पिसे टोचणे सुरू झाल्यास खाद्य, गर्दी व प्रकाश यांबरोबरच कोंबड्यांना उकरण्यास जागा आहे का, हेही तपासावे.