संगणकाची हत्यारपेटी : तिची मांडणी आणि तिची निगा

सुताराच्या पेटींत करवत, रंधा, पटाशी, गिरमीट अशीं निरनिराळीं हत्यारें असतात. प्रत्येकाचें काम ठरलेलें असतें. रंध्यानें कोणी भोंक पाडीत नाहीं आणि करवतीनें कोणी लाकूड गुळगुळीत करीत नाहीं. संगणकाच्या जगांत हाच शहाणपणा युनिक्स या प्रणालीनें पत्करला. १९६९ सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत मरे हिल येथें बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं तिचा पाया घातला. एकाच अवाढव्य आज्ञावलींत सर्व कांहीं कोंबण्याऐवजीं लहान लहान साधनें करावीं, प्रत्येकानें एकच काम करावें पण तें चोख करावें, आणि एकानें केलेलें काम दुसऱ्याच्या हातीं सहज देतां यावें, असा या प्रणालीचा दंडक आहे. ही देवघेव ज्या 'पाइप' नांवाच्या सोयीनें होते, ती डग्लस मॅकिलरॉय यांच्या सूचनेवरून १९७३ सालीं युनिक्समध्यें आली.

समजा, एखाद्या वाचनालयाच्या दहा हजार सभासदांची यादी संगणकावर आहे आणि तींतील फक्त पुण्याचे सभासद क्रमवार लावून हवे आहेत. 'ग्रेप' हें साधन पुण्याचा उल्लेख असलेल्या ओळी वेंचतें. त्या ओळी 'सॉर्ट' क्रमानें लावतें. आणि नुसती संख्या हवी असेल तर शेवटीं 'डब्ल्यूसी' जोडलें कीं तेंही काम होतें. माणसाला जें करण्यास दोन दिवस लागावेत तें एका ओळीच्या आज्ञेनें क्षणांत उरकतें.

हीं साधनें एके काळीं विद्यापीठें व मोठ्या कचेऱ्या यांच्यापुरतींच होतीं. १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन यांनीं 'ग्नू' हा उपक्रम जाहीर केला. अशीं साधनें कोणासही वापरतां, तपासतां व सुधारतां यावींत हा त्याचा हेतु. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. या दोहोंच्या संयोगानें युनिक्सच्या घडणीची संपूर्ण प्रणाली घरगुती संगणकावर फुकट चालूं लागली. तेव्हांपासून ही हत्यारपेटी घरांत कशी आणावी आणि आणल्यावर तिची निगा कशी राखावी, हा प्रश्न सामान्य गृहस्थासही पडूं लागला.

प्रारंभीं साधन मिळे तें मूळ संहितेच्या रूपानें. म्हणजे बाजारांतून पोळी न आणतां गहूच आणावयाचे आणि निवडण्यापासून भाजण्यापर्यंतचें सर्व काम घरींच करावयाचें, असा तो प्रकार. 'कॉन्फिगर' या पहिल्या आज्ञेनें आपल्या संगणकावर काय काय आहे याची चांचपणी होई. 'मेक' या दुसऱ्या आज्ञेनें संहितेचें यंत्रास समजणाऱ्या रूपांत भाषांतर होई. आणि 'मेक इन्स्टॉल' या तिसऱ्या आज्ञेनें तयार झालेल्या वस्तू आपापल्या जागीं ठेवल्या जात. ही रीत आजही प्रचारांत आहे व तींत कमीपणा कांहींच नाहीं. परंतु अडचण निराळीच होती. एका साधनास दुसऱ्याचा आधार लागे, दुसऱ्यास तिसऱ्याचा, आणि तिसऱ्याची नेमकी अमुकच आवृत्ति हवी असे. त्यांतून दोन साधनांस एकाच आधाराच्या दोन भिन्न आवृत्त्या हव्या असल्या म्हणजे एकाला घातलेलें जेवण दुसऱ्याच्या ताटांतून काढल्यासारखें होई. शिवाय साधन काढून टाकावयाचें तर त्याच्या फायली कोठें कोठें विखुरल्या आहेत याचा हिशेब कोणापाशींच नसे.

या गोंधळावर निघालेला तोडगा म्हणजे पॅकेज व्यवस्थापक. १९९३ सालीं इयान मरडॉक यांनीं सुरू केलेल्या डेबियन या प्रणालीचें उदाहरण येथें उपयुक्त होईल. डेबियनचे स्वयंसेवक प्रत्येक साधन आधींच तयार करून त्याचें एक गाठोडें बांधतात. त्यासच पॅकेज म्हणतात. गाठोड्यावर एक चिठ्ठी असते : साधनाचें नांव, आवृत्तीचा क्रमांक, आणि त्यास लागणाऱ्या इतर गाठोड्यांची यादी. २०२३ सालीं निघालेल्या डेबियनच्या बाराव्या आवृत्तींत अशीं ६० हजारांहून अधिक पॅकेजें होतीं. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' असें लिहून पुढें साधनाचें नांव दिलें कीं 'ॲप्ट' हा व्यवस्थापक ती चिठ्ठी वाचतो, लागणारीं सर्व गाठोडीं भांडारांतून आणतो, योग्य क्रमानें उघडतो आणि कोणती वस्तु कोठें ठेवली याची वहींत नोंद करतो. त्या नोंदीमुळेंच पुढें साधन काढतांना त्याच्या वस्तू शोधीत बसावें लागत नाहीं.

येथें एक शंका साहजिक आहे. भांडार दूरदेशीं आणि माल तारांवरून आलेला. वाटेंत कोणी गाठोडें बदललें नाहीं हें कशावरून? यासाठीं मोहोरेची व्यवस्था आहे. प्रत्येक गाठोड्याच्या मजकुरावरून गणितानें एक ठसा काढतात; मजकुरांत एक अक्षर बदललें तरी ठसा साफ बदलतो. सर्व गाठोड्यांचे ठसे एका सूचींत असतात, त्या सूचीचा ठसा एका मुख्य पत्रकांत असतो, आणि त्या पत्रकावर डेबियनची गुप्त किल्लीनें केलेली सही असते. सही पडताळण्याची उघड किल्ली मात्र प्रत्येक संगणकावर आधींपासूनच असते. सही खरी तर पत्रक खरें, पत्रक खरें तर सूची खरी, आणि सूची खरी तर गाठोडें खरें, अशी ही साखळी आहे. सही जुळली नाहीं असा इशारा संगणकानें दिला असतां तो दडपून पुढें जाणें म्हणजे फुटलेल्या लाखेचें टपाल डोळे मिटून घेण्यासारखें आहे.

आतां अद्ययावत् करण्याची गोष्ट. 'अपडेट' आणि 'अपग्रेड' या दोन शब्दांची गल्लत फार होते. 'ॲप्ट अपडेट' या आज्ञेनें एकही साधन बदलत नाहीं. भांडारांत काय नवें आलें त्याची ताजी सूची तेवढी घरीं येते. पंचांग नवें आणलें म्हणून सण साजरा झाला असें होत नाहीं, तसेंच हें. ती सूची पाहून जुनीं साधनें बदलण्याचें काम 'ॲप्ट अपग्रेड' ही आज्ञा करते. म्हणून दोन्ही आज्ञा याच क्रमानें द्यावयाच्या असतात. नुसती पहिली देऊन जो स्वस्थ बसतो त्याच्या पेटींतील गंज तसाच राहतो.

ॲपलच्या मॅक संगणकाची कुळी युनिक्सचीच असल्यामुळें त्याजबरोबर पुष्कळशीं साधनें आयतींच येतात. परंतु त्यांतील कांहीं फार जुनीं असतात. 'बॅश' हें आज्ञा घेणारें साधन पाहावें. त्याची चौथी आवृत्ति २००९ सालीं निघाली आणि पुढें पांचवीही आली, तरी मॅकबरोबर मिळणारी बॅश ३.२ याच मालिकेंत थांबली; २०१९ सालापासून नव्या खात्यांना तर मॅकवर तिच्या जागीं 'झी-शेल' मिळतें. नवीं साधनें हवीं असणारे लोक २००९ सालीं मॅक्स हॉवेल यांनीं सुरू केलेल्या 'होमब्रू' या व्यवस्थापकाचा आश्रय करतात. तेथेंही 'ब्रू अपडेट' सूची आणतें व 'ब्रू अपग्रेड' साधनें बदलतें. होमब्रू ॲपलच्या वस्तूंस हात लावीत नाहीं. आपलीं साधनें निराळ्या कपाटांत ठेवतें.

एका नांवाचीं दोन साधनें घरांत आलीं म्हणजे हांक कोणास ऐकूं जाणार? याचें उत्तर 'पाथ' नांवाच्या यादींत असतें. आज्ञा दिली कीं संगणक त्या यादींतील कपाटें ओळीनें उघडतो आणि त्या नांवाचें जें साधन प्रथम सांपडेल तेंच चालवितो. पुढचीं कपाटें तो पाहतच नाहीं. नवी आवृत्ति बसवूनही जुनीच चालते अशी तक्रार पुष्कळदां ऐकूं येते; तिचें कारण बहुधा हेंच असतें. 'विच' या आज्ञेपुढें साधनाचें नांव लिहिलें म्हणजे कोणत्या कपाटांतील साधन चालणार तें कळतें.

विंडोज ही प्रणाली मुळांत निराळ्या घराण्याची. तीवर हीं साधनें चालविण्याची एक मोठी सोय 'सिगविन' या नांवानें १९९५ सालीं निघाली. २०१६ सालीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजच्या पोटांतच लिनक्स चालविण्याची व्यवस्था दिली. तिला संक्षेपानें 'डब्ल्यूएसएल' म्हणतात. मात्र विंडोज अद्ययावत् झालें म्हणून त्यांतील लिनक्सचीं साधनें अद्ययावत् होत नाहींत. तें बिऱ्हाड निराळें आहे आणि त्याची झाडलोट निराळीच करावी लागते.

एवढा खटाटोप कशासाठीं? जुनें तें सोनें ही म्हण भांड्याकुंड्यांस लागू असेल. संगणकाच्या साधनांस नाहीं. वर उल्लेखिलेल्या बॅशमध्यें १९८९ सालापासून एक दोष दडलेला होता. बाहेरून आलेल्या एका विशिष्ट प्रकारच्या मजकुराला जोडून आज्ञा लिहिली तर बॅश ती निमूटपणें पाळी. पंचवीस वर्षें हा दोष कोणी उघडकीस आणला नाहीं. २४ सप्टेंबर २०१४ रोजीं तो जाहीर झाला. 'शेलशॉक' या नांवानें तो ओळखला जातो. थोड्याच तासांत दुष्ट लोकांनीं जगभरचे संगणक त्याच्या आधारें चांचपण्यास आरंभ केला. पहिली दुरुस्ती अपुरी ठरली व पुढील कांहीं दिवसांत आणखी दुरुस्त्या कराव्या लागल्या. दोष जाहीर होतो तेव्हां तो दुरुस्त करणारास कळतो तसाच चोरासही कळतो. म्हणून दुरुस्ती निघाल्यापासून ती आपल्या संगणकावर येईपर्यंतचा काळ हाच खऱ्या धोक्याचा काळ होय.

परंतु नवें म्हणून सर्वच डोळे झांकून घ्यावें असेंही नाहीं. २०२४ सालच्या मार्च महिन्यांत 'एक्सझेड' या लहानशा साधनाच्या बाबतींत जें घडलें तें विसरण्याजोगें नाहीं. फायली दाबून लहान करणारें हें साधन असंख्य संगणकांवर असतें. मदतनीस म्हणून पुढें आलेल्या एका टोपणनांवाच्या व्यक्तीनें दोन वर्षांहून अधिक काळ काम करून विश्वास संपादन केला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत एक चोरवाट बसविली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरच्या संगणकांत प्रवेश करतांना सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें दिसलें. त्यानें त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरविला व २९ मार्च रोजीं ही चोरवाट जगापुढें मांडली. येथें मोहोर उपयोगी पडली नसती. कारण वाटेंत कोणी माल बदलला नव्हता, मालच मुळाशीं नासविलेला होता. डेबियनची जी पक्की आवृत्ति सामान्य लोक वापरतात तींत तो शिरला नाहीं. चांचणीसाठीं असलेल्या शाखांतच तो पोंचला होता. नवी वस्तु कांहीं काळ चांचणींत ठेवून मगच पक्क्या भांडारांत घेण्याची डेबियनची जुनी शिस्त अशी कामास आली.

या दोन कथांत विरोध आहे असें वरवर वाटेल. पण तो नाहीं. डेबियनसारख्या पक्क्या प्रणालींत साधनाचा मूळ आवृत्तिक्रमांक बहुधा तोच ठेवून केवळ सुरक्षिततेची दुरुस्ती त्यांत घालतात. म्हणून क्रमांक जुना दिसला तरी साधन दुरुस्त असूं शकतें. नव्या सोयींस विलंब आणि सुरक्षिततेच्या दुरुस्त्यांस त्वरा, असें हें धोरण आहे. मात्र अशा आवृत्तीलाही आयुष्याची मर्यादा असते; डेबियनच्या आवृत्तीची देखभाल सुमारें पांच वर्षें होते. ती मुदत संपली म्हणजे 'अपग्रेड' करण्यासारखें कांहीं नाहीं असें संगणक शांतपणें सांगतो, आणि गृहस्थ त्या शांततेस आरोग्य समजतो. खरें पाहतां वैद्यानें येणेंच बंद केलेलें असतें.

घरगुती वापरासाठीं यांतून कांहीं साधे नियम निघतात. साधन घ्यावें तें शक्यतों प्रणालीच्या स्वतःच्या भांडारांतून. एकच साधन दोन व्यवस्थापकांकडून घेऊं नये. आठवड्यांतून एकदां सूची ताजी करून साधनें बदलावींत, आणि संगणक जी बदलांची यादी दाखवितो ती होकार देण्यापूर्वीं वाचावी; अनपेक्षितपणें बरेंच कांहीं काढलें जात असेल तर थांबावें. मोठ्या बदलापूर्वीं घरचीं छायाचित्रें, हिशेब व पत्रें यांची प्रत निराळ्या ठिकाणीं ठेवावी. 'सुडो' हा शब्द ज्या आज्ञेच्या आरंभीं येतो तिला घराच्या सर्व खोल्यांच्या किल्ल्या मिळतात. म्हणून अनोळखी ठिकाणाहून उचललेली अशी आज्ञा अर्थ न समजतां कधींही देऊं नये. आणि जें साधन वापरांत नाहीं तें काढून टाकावें. नसलेल्या खिडकींतून चोर येत नाहीं.

या सर्वांस आठवड्यांतून पाव तासही पुरतो. त्या पाव तासाच्या मोबदल्यांत पन्नास वर्षांहून अधिक काळ हजारों हातांनीं घडविलेलीं हत्यारें घरांत चोख राहतात, आणि ज्या यंत्रांत कुटुंबाचे जमाखर्च, पत्रव्यवहार व आठवणी सांठविलेल्या असतात त्याचें दार परक्यास उघडें राहत नाहीं.