हरल्यावर बोल कोणाला?

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



या पानावर आपण नेहमी लागणीच्या तारखा, बेणेमळा, खोडव्याची खतमात्रा असल्या गोष्टी बोलतो. या खेपेला विषय वेगळा घेतला आहे. गट ऑफिसात, काट्यावर, टपरीवर जिथं जावं तिथं खेळाच्या गप्पा असतातच, मग त्यातलं दोन शब्द चांगलं आपल्या पानावर यायला हरकत नाही.

१९ नोव्हेंबर २०२३ चा दिवस आपण कोणी विसरलेलो नाही. क्रिकेटच्या विश्वचषकात ओळीनं दहा सामने जिंकून आलेला आपला संघ अहमदाबादला शेवटच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून हरला. गाळपाचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी फडात आणि काट्यावर एकच प्रश्न ऐकू येत होता, "कुणामुळं हरलो?" कशामुळं हरलो, असं फारसं कोणी विचारत नव्हतं.

'कुणामुळं' आणि 'कशामुळं' या दोन शब्दांत किती अंतर आहे, हे दाखवणारी एक खरी हकीकत आहे. ती फुटबॉलची आहे आणि ब्राझीलची आहे.

ऊसवाल्यांचा ओळखीचा देश

ब्राझील आपल्याला अगदीच परका नाही. जगात सर्वांत जास्त ऊस तिथं पिकतो. आपल्या वडीलधाऱ्यांनी लावलेली को ४१९ ही कोईमतूरची जात एके काळी त्यांच्याही शेतात होती. शिवाय फुटबॉलचा विश्वचषक आला, की आपल्या कोल्हापूरच्या पेठांतून ब्राझीलचे पिवळे आणि अर्जेंटिनाचे निळे-पांढरे झेंडे लागतात, हे तर आपण पाहतोच.

पण १९५० साली ब्राझीलचा हा पिवळा सदरा नव्हता. तेव्हा त्यांचा संघ पांढऱ्या सदऱ्यात खेळायचा. त्या वर्षी विश्वचषक त्यांच्याच देशात भरला होता. (त्या स्पर्धेत भारतालाही जागा मिळाली होती, पण आपला संघ गेला नाही.) त्यासाठी रिओ शहरात माराकाना नावाचं प्रचंड मैदान नवीन बांधलं होतं.

शेवटच्या फेरीत चार संघ होते आणि प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं होतं. ब्राझीलनं स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असं धुऊन काढलं. उरुग्वे हा शेजारचा लहानसा देश. त्यांची स्पेनशी बरोबरी झाली आणि स्वीडनला त्यांनी कसंबसं हरवलं. उरलेला सामना ब्राझील विरुद्ध उरुग्वे. ब्राझीलला जिंकायचीही गरज नव्हती, नुसती बरोबरी पुरे होती.

१६ जुलै १९५०

विकलेल्या तिकिटांचाच आकडा १,७३,८५० होता. बाकीचे धरून दोन लाखांच्या आसपास माणूस मैदानात होता, असं म्हणतात. एका वर्तमानपत्रानं तर ब्राझीलच्या खेळाडूंचा फोटो छापून 'हेच जगज्जेते' असं आधीच जाहीर करून टाकलं होतं. उरुग्वेचा कप्तान ओबदुलिओ वारेला यानं त्या अंकाच्या प्रती विकत आणून आपल्या गड्यांपुढं टाकल्या, असं सांगतात. पीक रानात उभं असतानाच पट्टीचे पैसे खर्चून बसावं, तसला हा प्रकार.

मध्यंतरानंतर लगेच फ्रियासानं ब्राझीलचा गोल केला. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. त्या वेळी वारेलानं काय करावं? चेंडू उचलून काखेत मारला आणि ऑफसाइडची तक्रार घेऊन तो पंचाशी वाद घालत राहिला. गोल रद्द होणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. पण तेवढ्या वेळात लोकांचा जोर ओसरला आणि आपल्या गड्यांना दम खायला वेळ मिळाला.

६६ व्या मिनिटाला उरुग्वेच्या गिज्जानं उजव्या बाजूनं मुसंडी मारून चेंडू मध्ये दिला आणि स्कियाफिनोनं तो जाळ्यात घातला. १-१. तरीही चषक ब्राझीलचाच होता. मग ७९ व्या मिनिटाला गिज्जा पुन्हा तसाच उजवीकडून आला. गोलरक्षक बार्बोसाला वाटलं, हा मघासारखाच चेंडू मध्ये देणार. म्हणून तो जरासा पुढं सरला. गिज्जानं ते हेरलं आणि गोलरक्षक व जवळचा खांब यांच्यामधल्या फटीतून चेंडू आत मारला. २-१. अकरा मिनिटं उरली होती. त्यात काही झालं नाही.

चषक देणारे ज्यूल रिमे बरोबरी असतानाच खाली यायला निघाले होते. त्यांच्या खिशात ब्राझीलच्या अभिनंदनाचं पोर्तुगीज भाषेतलं भाषण होतं. बोगद्यातून मैदानात येऊन पाहतात तो सगळीकडं सामसूम. भाषण खिशातच राहिलं. गर्दीत वारेलाला शोधून त्यांनी चषक त्याच्या हातात कसाबसा दिला.

शौकिनांनी काय केलं

आपल्या विषयाचं मूळ इथं आहे. सामना हरला हे झालं. पण हरल्यावर शौकीन माणसानं काय केलं?

पहिल्यांदा दुःख केलं, आणि ते खरं दुःख होतं. माणसं जागची हलेनात. रडत, मुकाट्यानं घरी गेली. बाउरू गावात रेडिओभोवती जमलेल्या एका घरी बाप रडू लागला. तोही फुटबॉल खेळणारा. नऊ वर्षांच्या पोरानं बापाला रडताना प्रथमच पाहिलं आणि म्हणालं, रडू नका, मी तुम्हाला विश्वचषक जिंकून देईन. त्या पोराला पुढं जगानं पेले म्हणून ओळखलं.

अशा दुःखात वाईट काही नाही. ज्याचा जीव जडलेला असतो तोच रडतो. उभं पीक पाण्यावाचून वाळताना ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, तोच खरा शेतकरी.

पण दुःखाच्या मागोमाग राग आला, आणि रागाला माणूस लागतो. बोल लागला तो बार्बोसाला. त्याच्या जोडीला बिगोजी आणि जुवेनाल या दोन बचावपटूंना. तिघंही काळ्या वर्णाचे होते, हे लक्षात घेण्यासारखं आहे. पुढच्या फळीनं त्या दिवशी एकच गोल का केला, बरोबरी पुरेशी असताना बचाव का आवळला नाही, त्याच गिज्जाला दुसऱ्यांदा मोकळं रान कसं मिळालं, असले प्रश्न मागं पडले. अकरा जणांचा सामना एका माणसाच्या नावावर चढला.

बार्बोसा साधासुधा गोलरक्षक नव्हता. वास्को द गामा या मोठ्या क्लबचा तो आधार होता. त्यानंतर देशाच्या संघातून तो एकदाच खेळला. तो स्वतः सांगायचा, की वीस वर्षांनी एका दुकानात एका बाईनं आपल्या मुलाला त्याच्याकडं बोट दाखवून सांगितलं, सगळ्या ब्राझीलला रडवलं तो हाच माणूस. १९९३ साली तो राष्ट्रीय संघाच्या सरावाच्या जागी भेटायला गेला, तर अपशकुन नको म्हणून त्याला दूर ठेवलं. त्याचं म्हणणं असं, की आमच्या देशात मोठ्यात मोठ्या गुन्ह्याला तीस वर्षांची शिक्षा आहे, मी पन्नास वर्षं भोगतोय. एप्रिल २००० मध्ये तो वारला. विश्वचषकात ब्राझीलचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक म्हणून पुन्हा काळ्या वर्णाचा खेळाडू उभा राहिला तो थेट २००६ साली, दिदा नावाचा.

खरं माणूसपण दाखवलं ते शत्रूनं. जिंकलेला वारेला त्या रात्री आपल्या लोकांचा जल्लोष सोडून रिओतल्या एका दारूच्या दुकानात जाऊन बसला. आजूबाजूला माणसं रडत होती. त्यांचं दुःख पाहून त्याला वाईट वाटलं आणि पहाटेपर्यंत तो त्यांच्यातच बसला, असं त्यानं पुढं सांगितलं. हरवणाऱ्याला हरलेल्याची कणव आली. आपल्याच लोकांना आपल्या गोलरक्षकाची मात्र आली नाही.

'कशामुळं' विचारल्यावर

ब्राझीलनं त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं आंतरराष्ट्रीय सामनाच खेळला नाही. पांढरा सदरा अपशकुनी ठरवून टाकून दिला. १९५३ साली एका वर्तमानपत्रानं नव्या सदऱ्यासाठी स्पर्धा लावली. अट अशी, की झेंड्यातले चारही रंग आले पाहिजेत. उरुग्वेच्या सरहद्दीवरच्या गावातला अल्दिर श्ली हा तरुण पोरगा ती जिंकला. पिवळा सदरा त्याचाच. गंमत म्हणजे हा गडी मनानं उरुग्वेचा शौकीन होता.

सदरा बदलून गोल होत नाहीत. खरा फरक पडला तो १९५८ च्या तयारीत. त्या वेळी संघाबरोबर डॉक्टर, दातांचे डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ नेमले. खेळाडूंचे किडके दात, पोटातले जंत सगळं तपासलं आणि औषधपाणी केलं. राहण्या-जेवण्याची, प्रवासाची आधी आखणी केली. आपण लागणीआधी माती परीक्षण करतो, त्यातलाच हा प्रकार. त्या वर्षी स्वीडनमध्ये शेवटच्या सामन्यात ब्राझीलनं यजमानांना ५-२ असं हरवलं. पाचांतले दोन गोल पेलेचे. वय वर्षं सतरा. बापाला दिलेला शब्द आठ वर्षांत खरा केला.

म्हणजे एकाच पराभवाच्या दोन वाटा झाल्या. 'कुणामुळं' या वाटेनं गेलेल्यांनी एक माणूस पन्नास वर्षं जाळला आणि हाती काही लागलं नाही. 'कशामुळं' या वाटेनं गेलेल्यांनी चषक आणला.

आजही तेच

हे जुन्या काळचं झालं, असं कोणी म्हणू नये. ११ जुलै २०२१ ला लंडनच्या वेम्बली मैदानावर युरोपच्या चषकाचा शेवटचा सामना इंग्लंड टायब्रेकरवर इटलीकडून हरला. रॅशफर्ड, सँचो आणि साका या तिघांच्या पेनल्टी हुकल्या. तिघंही कृष्णवर्णीय, आणि साका तर अवघा एकोणीस वर्षांचा. त्याच रात्री त्यांच्यावर मोबाईलवरून वर्णावरून शिव्यांचा पाऊस पडला. मँचेस्टरमध्ये भिंतीवर काढलेलं रॅशफर्डचं मोठं चित्र कोणीतरी विद्रूप केलं.

पण दुसऱ्या दिवशी काय झालं बघा. आसपासची माणसं, शाळेतली पोरं त्या भिंतीशी आली. चिठ्ठ्या, कागदी बदाम, झेंडे चिकटवून त्यांनी ती घाण झाकून टाकली. साकाच्या क्लबात शौकिनांच्या पत्रांनी भिंत भरली. तीन वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, स्वित्झर्लंडविरुद्ध पुन्हा टायब्रेकर आला. साका पुढं झाला आणि त्यानं पेनल्टी जाळ्यात घातली. पाठीवर हात असला की माणूस पुन्हा उभा राहतो, याला आणखी पुरावा कशाला हवा?

आपल्या गावात

आपल्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात मैदानी स्पर्धेच्या शेवटच्या सामन्यात एका पोराची पेनल्टी हुकली. सतरा-अठरा वर्षांचं पोर, बाप आपला सभासद. पुढच्या वर्षी ते संघात दिसलं नाही म्हणून चौकशी केली, तर "ते आता खेळत न्हाई, सायेब" एवढंच उत्तर मिळालं. गावातून जाताना लोक त्याला हुकलेल्या पेनल्टीच्या नावानं हाक मारत होते. मारणाऱ्यांना ती चेष्टा वाटत होती. माराकानात पन्नास वर्षांची शिक्षा झाली, इथं शिक्षा लहान, पण जात तीच.

ही सवय मैदानापुरती राहत नाही. एकरी टनेज घटलं, की आपण पाटकऱ्याला, चिटबॉयला किंवा टोळीच्या मुकादमाला धरतो. चुकलं असेल त्याला जाब विचारलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण बेणं कुठलं होतं, लागण किती लांबली, पाण्याची पाळी कधी चुकली, भरणीच्या वेळी खत पडलं का, हे सगळं एका माणसाच्या डोक्यावर घातलं की पुढच्या वर्षीही टनेज तेवढंच निघतं.

म्हणून सर्व सभासदांना, विशेषतः तरुण मंडळांच्या कारभाऱ्यांना, हात जोडून सांगणं आहे. सामना हरला तर दुःख जरूर करा, एखादी रात्र जेवण गोड लागलं नाही तरी चालेल. दुसऱ्या दिवशी सगळ्या संघाला एकत्र बसवून कशामुळं हरलो याचा विचार करा. आणि ज्याच्या पायातून किंवा हातातून चेंडू सुटला, त्या पोराच्या घरी मंडळातल्या एका वडीलधाऱ्यानं त्याच संध्याकाळी जाऊन यावं. फार बोलायची गरज नाही. "उद्या सरावाला ये" एवढं सांगितलं तरी पुरे.